धन्यवाद, आपला अर्ज पोहोचला

फर्डिनंड लोपीस यांच्या वसईजवळच्या गास गावातल्या वाडीत तीन पिढ्या केळी आणि सोनचाफा होत आला. चौथ्या पिढीत ग्लेन झाला, आणि त्याला केळीचं लोंगर धड उतरवता येत नसे. त्याचा जीव सगळा यंत्रांत. आठवीत असताना त्याने बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी उपसणाऱ्या पंपाची मोटार उघडून ठेवली आणि दोन दिवस वाडी तहानलेली राहिली. फर्डिनंडनी त्याला मारलं नाही. मोटार पुन्हा जोडायला लावली. जोडल्यावर ती आधीपेक्षा कमी आवाज करू लागली, आणि त्या दिवसापासून बापाने या मुलाकडून शेतीची आशा सोडली.

बारावीनंतर ग्लेनने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि २००२ साली तो वसई स्टेशनजवळच्या एका ऑफिसात कामाला लागला. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, तीन टेबलं आणि मालक चंद्रहास सामंत. सामंत मूळचे कुडाळचे, मुंबईची नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला होता. राजोडीची रिसॉर्टं, बिल्डर, शाळा, जो येईल त्याला वेबसाइट करून द्यायची. कामं आणायची सामंतांनी, करायची ग्लेनने.

तो काम करायचा पीएचपी नावाच्या भाषेत. पाहुण्याने वेबसाइटवर फॉर्म भरला की ती माहिती उचलायची, डेटाबेसात नेऊन ठेवायची आणि पाहुण्याला उत्तर द्यायचं, असली कामं या भाषेतली. मध्ये कुठे अडलं तर कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीला, काय बिघडलं, हे ती सरळ पडद्यावर छापून मोकळी होई. नवख्या माणसाला त्या इंग्रजी ओळी बघून धडकी भरायची. ग्लेनला मात्र त्या आवडत. आपल्या चुका कुणीतरी आपल्याला न चिडता सांगतंय, याचं त्याला बरं वाटे.

मे २००४ मध्ये सामंतांनी मोठं काम आणलं. एका सेवाभावी संस्थेची परिचारिका शाळा होती. बारावी झालेल्या मुलींना तिथे नर्सिंगचं शिक्षण मिळे. प्रवेशाचे अर्ज या वर्षीपासून इंटरनेटवरून घ्यायचे, असं संस्थेने ठरवलं होतं. ग्लेनने तीन आठवडे खपून फॉर्म तयार केला. आधी मुलीचा फोटो चढवायचा, मग नाव, पत्ता, मार्क भरायचे, शेवटी बटण दाबायचं. शाळेच्या प्राचार्या आशालता राऊत यांचा आग्रह होता की मुलींना उत्तर मराठीतच मिळालं पाहिजे. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं दिसतीलच याची खात्री नसे, म्हणून ग्लेनने ती अक्षरं चित्र करून टाकली: हिरव्या रंगात, खाली दोन फुलं. ‘धन्यवाद. आपला अर्ज आमच्याकडे पोहोचला आहे.’

संस्थेच्या विश्वस्तांना दाखवायच्या दिवशी फजिती झाली. सामंतांनी सगळ्यांसमोर फॉर्म भरला, बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीच्या चार ओळी उमटल्या. एक किरकोळ फाइल ग्लेन आणायला विसरला होता, एवढंच. पण एक वयस्कर विश्वस्त खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, “हे बिघडलं का? मुली घाबरतील हो असलं बघून.”

दोघे रिक्षाने परतले. ऑफिसच्या जिन्यात सामंत म्हणाले, “ग्लेन, एक लक्षात ठेव. काय वाट्टेल ते होवो, गिऱ्हाइकाला एरर दिसता कामा नये.”

“हो सर.”

हे करायचे दोन मार्ग होते आणि ग्लेनला दोन्ही माहीत होते. त्याच्या टेबलावरच्या जाड पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. चुका पडद्यावर दाखवू नका, पण एका फाइलमध्ये नोंदवा आणि ती फाइल रोज उघडून बघा. डेटाबेसाने नाही म्हटलं तर पाहुण्याला तसं सांगा, ‘अर्ज पोहोचला नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ याला दीड-दोन दिवसांचं काम होतं. दुसरा मार्ग सोपा. वर एक ओळ लिहायची की कुठलीही तक्रार करू नकोस, आणि डेटाबेसाचं उत्तर न ऐकताच हिरवं चित्र दाखवायचं. याला पाच मिनिटं लागत. फॉर्म चार दिवसांनी उघडायचा होता. ग्लेनने सोपा मार्ग घेतला. नोंदीची फाइल नंतर करू, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि मग राजोडीच्या एका रिसॉर्टचं काम आलं.

फॉर्म खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे जिथून वेबसाइट चालते त्या मशीनवर, चढवल्यावर त्याने स्वतःचं नाव घालून तपासला. अर्ज डेटाबेसात बरोबर गेला. एवढ्यावर त्याचं समाधान झालं.

लोपीसांच्या घरी मंगळवारी आणि शनिवारी पाचूबंदरहून रेजिनबाई मासे घेऊन यायच्या. ग्लेनच्या जन्माआधीपासून येत. कोळी ख्रिस्ती बाई, आवाज खणखणीत, पायरीवर बसून पाणी मागायच्या आणि घरातल्या सगळ्यांची चौकशी करायच्या. त्या जूनमध्ये त्यांनी ग्लेनला हाक मारली.

“ग्लेन बाबा, रोवेना बारावी झाली. मार्क चांगले हायत. तिला नर्स व्हायचंय. ती साळा तुला म्हाईत हाय का?”

“मावशी, त्या शाळेची वेबसाइट मीच केलीय,” ग्लेन छाती फुगवून म्हणाला. “कुठल्याही सायबर कॅफेत जायचं नि फॉर्म भरायचा. आता खेटे घालायला नकोत.”

“तूच केलीस? मग काय चिंता नाय.”

जुलैअखेर मुलाखतींची पत्रं गेली. पावसात होड्या बंद असल्यामुळे रेजिनबाई सुके बोंबील आणि जवळा घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“रोवेनाला पत्र नाय आलं रे. आमच्या आळीतल्या दुसऱ्या पोरीला आलं, तिला मार्क कमी होते. जरा बग ना.”

ग्लेनने ऑफिसात जाऊन डेटाबेसात रोवेना नाव शोधलं. नव्हतं. शनिवारी रेजिनबाई आल्या तेव्हा सोबत रोवेनाही आली होती. अठरा वर्षांची, सडपातळ, ओली छत्री दोन्ही हातांनी धरून उभी.

“तुझा अर्जच नाही तिथे,” ग्लेन म्हणाला.

“मी भरलाय. फोटो पण टाकला.”

“मग शेवटचं बटण दाबलं नसशील.”

“दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं, अर्ज पोहोचला म्हणून.”

“तसं असतं तर दिसला असता ना मला. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?”

तो हे रागाने बोलला नव्हता. थोडं हसूनच बोलला होता. रोवेनाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा आईकडे बघितलं. रेजिनबाईंनी पाटी डोक्यावर घेतली. दोघी फाटकातून बाहेर गेल्या आणि ग्लेन आत जाऊन चहा प्यायला.

दोन वर्षं गेली. मधल्या वर्षी शाळेने कागदी अर्जच घेतले होते. २००६ च्या मार्चमध्ये शाळेला फॉर्म नव्याने करून हवा होता, आणि जागा मोकळी करण्यासाठी जुनी माहिती काढून ठेवायची होती. एका सकाळी ग्लेनने फोटोंचं फोल्डर उघडलं. २००४ सालचे फोटो तीनशे बारा होते. डेटाबेसातले अर्ज दोनशे पासष्ट.

कुणी दोनदा फोटो चढवला असेल, असं त्याला आधी वाटलं. ज्या फोटोंना अर्ज नाही तेवढेच त्याने वेगळे काढले. सत्तेचाळीस निघाले. तो एकेक उघडू लागला. सगळे वेगवेगळे चेहरे. कुणी वेण्या घातलेली, कुणाच्या गळ्यात बारीक क्रूस, कुणी स्टुडिओच्या निळ्या पडद्यापुढे श्वास रोखून बसलेली. एकीने बहुधा मोठ्या बहिणीचा ब्लाउज घातला होता; खांदे उतरत होते. तिसाव्या की एकतिसाव्या फोटोला त्याचा हात थांबला. रोवेना होती.

उठून तो पाणी प्यायला. मग परत बसून त्याने ती गप्प बसवणारी ओळ काढली आणि रोवेनाच्या नावाने फॉर्म भरून पाहिला. फॉर्मवर त्यानेच सूचना लिहिली होती की नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर असेल अगदी तसंच लिहा. तिचं आडनाव डिमेलो. इंग्रजीत लिहिताना डी, मग वर लटकणारं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह, मग मेलो. त्याने बटण दाबलं आणि पडदा इंग्रजीने भरला. चूक ‘मेलो’पाशी आहे, असं डेटाबेस सांगत होता. दोन वर्षांपूर्वीही त्याने हेच सांगितलं असणार, फक्त ऐकायला कुणी ठेवलं नव्हतं.

कारण साधं होतं. डेटाबेसाला दिलेल्या हुकमात प्रत्येक नाव त्याच चिन्हांच्या जोडीत बसवावं लागतं. आडनावातलं चिन्ह आलं की डेटाबेसाला वाटे नाव संपलं, आणि पुढचं सगळं त्याला निरर्थक दिसे. तो अख्खा अर्ज नाकारी. ऑफिसातल्या मशीनवर असं चिन्ह आपोआप सांभाळलं जाई. खऱ्या सर्व्हरवर ती सोय बंद होती. डिसोजा, डिमेलो, डिसिल्वा, डिकुन्हा. ज्या मुलींनी ते चिन्ह आळसाने गाळलं त्यांचे अर्ज पोहोचले होते. ज्यांनी सूचना पाळली त्यांचे गेले होते. काही जणींच्या आडनावात नाही तर पत्त्यात ते चिन्ह असणार.

आणि ग्लेनची आई माहेरची डिसिल्वा. चर्चच्या नोंदवहीत अर्धं गाव त्या चिन्हाचं. एखादा परका माणूस हे विसरला असता तर समजण्यासारखं होतं.

त्याने दुरुस्ती केली. एक ओळ. नवा फॉर्म चढवला.

“झालं?” सामंतांनी विचारलं.

“झालं सर.”

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. हे कधी कुणाला कळण्याची शक्यताही नव्हती. फोटो पुसून टाकले असते तर पुरावासुद्धा राहिला नसता. त्याने ते पुसले नाहीत, पण पुन्हा उघडलेही नाहीत.

शनिवारी आईने रेजिनबाईंकडून घेतलेल्या पापलेटाचं कालवण केलं. ग्लेन म्हणाला, “मला नको. उपवासकाळ आहे.”

“उपवासात मटण सोडतात,” आई हसली, “मासे कुणी सोडल्याचं ऐकलं नाही.”

“रोवेना काय करते गं आता?”

“रेजिनची? वालीवला कारखान्याच्या कुठल्यातरी गाळ्यात जाते. पेनं भरायची असतात म्हणे खोक्यात. हुशार होती पोर. पण साधा फॉर्म भरता आला नाही तिला, रेजिन सांगत होती. पुढच्या वर्षी भर म्हटलं तर तयारच होईना.”

ग्लेन पानावरून उठला.

असे अकरा दिवस गेले. कामात त्याच्या चुका होऊ लागल्या. कुणी मुलगी हिरवी ओढणी घेऊन समोरून गेली तरी त्याला ते चित्र आठवे. शेवटी ईस्टरच्या आधी कुमसाराच्या, म्हणजे पापांच्या कबुलीच्या, रांगेत तो उभा राहिला. फादर प्लासिड त्याला लहानपणापासून ओळखत होते. त्याच्या आवाजावरूनही ओळखलं असणार.

“फादर, मी एका मुलीला खोटी ठरवलं. ती खरं बोलत होती.”

“मुद्दाम?”

“नाही. पण तपासायचं माझं काम होतं, आणि मी तपासलं नाही. तिच्यासारख्या आणखी शेहेचाळीस आहेत.”

फादरनी विचारलं, “त्यांना हे माहीत आहे?”

“नाही.”

“मग बाबा, तू आधी माझ्याकडे कसा आलास?”

त्यांनी प्रार्थना सांगितली, आशीर्वाद दिला. पण ग्लेन बाहेर पडला तेव्हा त्याला एवढाच प्रश्न ऐकू येत होता.

सोमवारी त्याने सामंतांना सगळं सांगितलं. सामंत आधी दार लावून आले.

“दोन वर्षं झाली रे. आता उकरून काढून कुणाचं भलं होणार आहे? संस्था आपल्यावर केस करेल.”

“करेल कदाचित.”

“आणि मी सांगितलं म्हणून तू केलंस, असं सांगणार तू तिथे?”

“नाही सर. एरर दिसू नये एवढंच तुम्ही म्हणाला होतात. ती ऐकूच नको, असं नव्हतात म्हणालात. ते माझं मी केलं.”

सामंत खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “जा,” म्हणाले. “मी येणार नाही. मला जमणार नाही.”

आशालता राऊत यांनी मध्ये एकदाही न थांबवता ऐकून घेतलं. ग्लेनने फोटोंचे छापलेले कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“त्या वर्षी माझ्या सात जागा रिकाम्या राहिल्या होत्या, लोपीस,” त्या म्हणाल्या. “पात्र अर्ज कमी आले असं मी वरती कळवलं. वसईतल्या मुलींना नर्सिंग नकोसं झालंय, असं मी एका सभेत बोललेसुद्धा.”

ग्लेनला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“या मुली शोधा,” त्या म्हणाल्या. “ज्यांना अजून यायचं असेल त्यांना यंदा थेट मुलाखतीला बोलावते. विश्वस्तांना काय सांगायचं ते मी बघते. पण निरोप मी पाठवणार नाही. तुम्ही जाऊन सांगायचं, प्रत्येकीला, तोंडाने.”

दुसऱ्या दिवशी ग्लेन ऑफिसात आला तेव्हा त्याच्या टेबलावर सामंतांच्या अक्षरातला एक कागद होता: वसई ते विरार सगळ्या ज्युनिअर कॉलेजांची नावं आणि फोन. वर लिहिलं होतं, ‘दुपारनंतर ऑफिसात यायची गरज नाही.’ सामंत मान खाली घालून काम करत होते.

एप्रिल आणि मे ग्लेन फोटो घेऊन फिरला. कॉलेजचे कारकून, सायबर कॅफेवाले, चर्चच्या बाहेर उभ्या असलेल्या बायका. “ही कोण?” एवढंच विचारायचं. कुणी संशयाने बघे. नंदाखालला एका मुलीच्या भावाने त्याची कॉलर धरली, बहिणीचा फोटो खिशात घेऊन हिंडतो म्हणून. निर्मळची एक मुलगी खळखळून हसली. तिने दुसरीकडे नर्सिंगला प्रवेश घेतला होता आणि ती आता दुसऱ्या वर्षाला होती. ग्लेनच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी ती हसायची थांबली. एकीच्या कडेवर मूल होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, “नवऱ्यासमोर नका बोलू हे,” आणि दार लावून घेतलं. एकीची आई म्हणाली, “आम्हाला वाटलं, आमची ओळख नव्हती कुणाशी म्हणून घेतलं नाही.” असं बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळालं. कुणी ओळख नाही म्हणून, कुणी इंग्रजी कच्चं म्हणून, कुणी आपण गरीब म्हणून. ज्याने त्याने आपापल्या परीने नकाराचं कारण शोधून त्यावर दोन वर्षं विश्वास ठेवला होता.

एकोणचाळीस जणी सापडल्या. आठ जणींचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

पाचूबंदर त्याने शेवटी ठेवलं होतं. खरं तर रोवेनाचं घर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर तो गेला. किल्ल्याच्या बाजूने उतरून बंदरावर आला तेव्हा बांबूंवर बोंबील वाळत होते आणि पुरुष सावलीत बसून जाळी शिवत होते. रेजिनबाई ओट्यावर कोळंबी सोलत होत्या.

“अरे, ग्लेन बाबा! पानी देऊ का? रोवेना, पाट टाक.”

रोवेना दारात आली. दोन वर्षांत तिचा चेहरा जून झाला होता. तिने पाट टाकला नाही. चौकटीला टेकून उभी राहिली.

ग्लेनने येताना शब्द जुळवले होते, ते सगळे विसरला. “रोवेना, तू फॉर्म बरोबर भरला होतास,” तो म्हणाला. “तुझा अर्ज माझ्या प्रोग्रॅमने टाकून दिला. पोहोचला असं खोटंच सांगितलं तुला. मला आता कळलं. आता म्हणजे, मार्चमध्ये.”

“मार्चमध्ये,” रोवेना म्हणाली. “आता मे संपला.”

“हो.”

“मी सांगितलं होतं तुला. हिरव्या अक्षरांत आलं म्हणून.”

“हो. सांगितलं होतंस.”

“तू हसला होतास.”

रेजिनबाईंचे हात कोळंबीवर थांबले होते. त्या एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या.

“आय, ऐकलंस ना?” रोवेना म्हणाली. “त्याला परत सांगायला लाव. तुझ्याकडे बघून.”

ग्लेन ओट्याच्या पायरीवर रेजिनबाईंसमोर बसला आणि सगळं पुन्हा सांगितलं. चिन्ह काय, डेटाबेस काय, हे त्याने गाळलं. फॉर्म बरोबर होता, चूक माझी होती, हिची अजिबात नव्हती, एवढंच सांगितलं.

रेजिनबाईंनी कोळंबी बाजूला सारली. मग ओल्या हातांकडे बघत म्हणाल्या, “त्या दिवशी घरी येऊन मी हिला मारलं होतं रे. अठरा वर्साच्या पोरीला. सायबर कॅफेत जाऊन काय केलंस म्हनून. कोनाबरोबर गेलेलीस म्हनून.” त्यांचा खणखणीत आवाज चिरकला. “ही रडत होती, भरला म्हनत होती. आनि मी म्हटलं, ग्लेन कशाला खोटं बोलेल?”

आतून कुणीतरी रेडिओ बंद केला. ग्लेनला आपले हात कुठे ठेवावेत कळेना.

“प्राचार्या यंदा मुलाखत घ्यायला तयार आहेत,” तो शेवटी म्हणाला. “तुझी जागा जवळजवळ नक्की आहे. मी फॉर्म घेऊन आलोय, कागदाचा.”

“नको,” रोवेना म्हणाली.

“विचार तरी कर.”

“केला. तू मघाशी बोलत होतास तेव्हाच केला. गाळ्यात माझ्या हाताखाली नऊ बायका आहेत आता. मी परत पहिलीपासून कुणाच्या मागे उभी नाही राहणार.” ती आत गेली आणि वही-पेन घेऊन आली. “मला दुसरं पाहिजे. कागदावर लिहून दे.”

“काय?”

“तू सांगितलंस तेच. सही करून. इथे सगळ्यांना माहीत आहे की रेजिनच्या पोरीला साधा फॉर्म भरता आला नाही. माझा मामा अजून मस्करी करतो.”

ग्लेनने मांडीवर वही घेतली. लिहिलं: ‘रोवेना डिमेलो हिने जून २००४ मध्ये अर्ज अचूक भरला होता. आमच्या चुकीमुळे तो नोंदला गेला नाही.’ ती त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

“आमच्या कुणाच्या?”

त्याने ‘आमच्या’ खोडून ‘माझ्या’ लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नाव आणि तारीख घातली. तिने पान काळजीपूर्वक फाडलं, शाई वाळेपर्यंत धरून ठेवलं आणि घडी न घालता आत नेलं. परत बाहेर आली नाही. रेजिनबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने उभ्यानेच रिकामा केला.

एकोणचाळीसपैकी अकरा जणींनी त्या वर्षी प्रवेश घेतला. आशालता राऊत यांनी प्रवेशाच्या दिवशी ग्लेनला बोलावलं होतं. तो गेला नाही. संस्थेने केस केली नाही, मात्र पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. सामंत यावर कधी बोलले नाहीत. ग्लेनने मात्र एकेक करून जुन्या सगळ्या वेबसाइटी उघडल्या, आणि पाच मिनिटांत केलेलं जिथे जिथे सापडलं तिथे दीड-दीड दिवस घालून नीट केलं. रोज सकाळी कामाला बसण्याआधी तो चुकांच्या नोंदी वाचू लागला. काही ना काही असेच. कुणाचा पत्ता फार लांब, कुणाची तारीख उलटी. ज्याचा अर्ज अडला असेल त्याला तो स्वतः फोन करी. लोक चकित होत, काही चिडतही. नव्याने कामाला लागलेली ऋतिका एकदा म्हणाली, “ग्लेन, इतकं कोण करतं?” त्याने पुढचा नंबर फिरवला.

रेजिनबाई येत राहिल्या, मंगळवारी आणि शनिवारी. पायरीवर बसून पाणी मागत, फर्डिनंडच्या गुडघ्यांची चौकशी करत. ग्लेनची चौकशी त्यांनी पुन्हा कधी केली नाही, आणि त्या आल्या की ग्लेन वाडीत मागे निघून जाई. घरी सगळ्यांना सगळं माहीत होतं. आई एकदा म्हणाली, “आता बस कर. झालं ते झालं.” तो म्हणाला, “झालं नाही, मी केलं,” आणि आईने पुन्हा विषय काढला नाही.

२००९ च्या जानेवारीत रोवेनाचं लग्न ठरलं, राजोडीच्या एका मुलाशी. रेजिनबाईंनी आमंत्रण लोपीसांच्या घरी स्वतः आणून दिलं. पाकिटावर ‘श्री. फर्डिनंड लोपीस आणि परिवार’ असं लिहिलं होतं. परिवारात आपण धरलेले आहोत की नाही, हे ग्लेनला ठरवता येईना. लग्नाच्या दिवशी तो आईवडिलांना मोटारसायकलने एकेक करून सोडायला म्हणून निघाला, आणि दुसऱ्या खेपेला मांडवाबाहेरच थांबला. बँड वाजत होता. फर्डिनंडनी वळून पाहिलं आणि म्हणाले, “चल आत. ओझं वाहायचं तर माणसांत उभा राहून वाहा.”

शुभेच्छा द्यायच्या रांगेत तो बराच मागे राहिला. रोवेना पांढऱ्या झग्यात, घामाघूम, बऱ्याच वेळापासून हसत उभी होती. त्याला बघून तिचं हसू गेलं नाही, पण बदललं. त्याने हात पुढे केला. तिने हातमोजा घातलेल्या हाताने तो धरला, बाकी पाहुण्यांसारखाच, ना कमी ना जास्त.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

“जेवून जा,” रोवेना म्हणाली, आणि पुढच्या पाहुण्याकडे वळली.